गाळलेला शेरा

डायलिसिस सेंटरच्या व्हरांड्यात सात खुर्च्या आहेत आणि त्यातली तिसरी माझी. कुणी तसं ठरवून दिलेलं नाही, पण चार वर्षं आठवड्यातून तीनदा एकाच खुर्चीत बसलं की लोक आपोआप ती सोडतात. तिच्यामागं प्लग आहे. त्या प्लगसाठी सुरुवातीला मी साडेसहालाच येऊन खुर्चीवर पिशवी ठेवायचे, आणि एका आजींशी त्यावरून दोनदा कडकडून भांडलेसुद्धा. त्यांना मोबाइल चार्ज करायचा असायचा, एवढंच. आजी आता नाहीत, आणि प्लग पूर्ण माझा आहे.

मी इथं महिनाभरासाठी आले होते. पुण्यात नोकरी होती, सॉफ्टवेअरची, बरी होती. आई जाऊन वर्ष झालं होतं. एका सकाळी नाशिकहून भावाचा फोन आला, दादांच्या किडन्या गेल्या, डायलिसिस लागलंय, मला रजा मिळत नाही, तू महिनाभर जा, सगळं बसवून दे, मग बघू. दादा म्हणजे आमचे वडील. आमच्याकडं वडिलांना दादाच म्हणतात. मी बॅगेत चार ड्रेस कोंबले आणि आले. 'मग बघू' हे आमच्या घरातलं सगळ्यात टिकाऊ वाक्य आहे हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पुण्याची नोकरी सुटली, एका छोट्या कंपनीचं घरी बसून करायचं काम मिळालं, आणि माझं 'घरी बसून' म्हणजे हा व्हरांडा झाला.

ज्यांच्या घरात हे नाही त्यांना दोन ओळींत सांगते. किडनी रक्त गाळेनाशी झाली की ते यंत्रानं गाळायचं. हातात दोन जाड सुया, चार तास पडून राहायचं, आणि एक दिवसाआड पुन्हा. सुट्टी नाही, दिवाळी नाही, गावाला जाणं नाही. दादा मूळचे देवगाव रंगारीचे. आयुष्य चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर गेलं, आणि निवृत्तीनंतर गावी जाऊन राहायचं असा त्यांचा बेत होता. आता पडेगावच्या दोन खोल्यांतून सेंटर आणि सेंटरातून दोन खोल्या. पाणी दिवसाला तीन पेले. आमच्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, आलं की अख्खी गल्ली हंडे-बादल्या घेऊन धावते, आणि दादा ओट्यावर बसून त्या धारेकडं बघत राहतात. मी त्या दिवशी त्यांच्याशी मुद्दाम दुसरं काहीतरी बोलते.

सेंटरात सुया टोचायला, यंत्रं लावायला आणि सगळ्यांना ओरडायला एक बाई आहेत. पन्नाशीच्या. सगळे पेशंट त्यांना बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणतात, म्हणून मीही. मराठी सफाईदार बोलतात, पण डोकं फिरलं की दखनी उर्दूत शिरतात. दुसऱ्या वर्षी एका सकाळी त्या दखनीतच बाहेर आल्या.

"बेटा, तू कंप्युटरवाली है ना? अंदर आ. ये डब्बा मेरी जान ले रहा."

आत सहा पेशंट सुया लावायच्या तयारीत पडलेले आणि बाजींच्या पडद्यावर डिस्क भरल्याची सूचना. ती घालवल्याशिवाय कुणाची नोंद उघडत नव्हती, आणि नोंद उघडल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही असा नियम. बाजी रोज सकाळी कुठल्यातरी जुन्या फायली पेन ड्राइव्हवर हलवून जागा करायच्या. मी खुर्ची ओढून बसले आणि फायली उघडून बघितल्या, आणि खरं सांगते, मला शिसारी आली.

प्रत्येक डायलिसिसची एक फाइल. एक्सएमएलमध्ये. एक्सएमएल म्हणजे माहिती लिहायची अशी पद्धत, की ज्यात प्रत्येक आकड्याच्या आधी त्याचं नाव लिहायचं आणि आकडा संपला की तेच नाव परत लिहायचं. स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यावर हळद लिहिलं, झाकणावरही हळद लिहिलं, असं. तेवढ्यानं काही बिघडत नाही. पण इथं डब्यावर नुसतं हळद नव्हतं. 'पेशंट ब्लड प्रेशर सिस्टॉलिक रीडिंग व्हॅल्यू' एवढं नाव, मग तीन आकडे, मग पुन्हा तेवढंच नाव. यंत्र दर मिनिटाला अशी वीस-बावीस रीडिंगं पाठवणार, चार तास, सहा बेड, दिवसाला तीन पाळ्या. त्यात ओळी सुंदर दिसाव्यात म्हणून ज्यानं हे लिहिलं त्यानं प्रत्येक ओळीपुढं हातभर मोकळी जागा सोडलेली. डिस्कवर माणसांची माहिती मूठभर आणि नावं नि पोकळ्या पोतंभर.

मला अडगळ सहन होत नाही. दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला ती परवडत नाही. मी बाजींना म्हणाले, "हे मी करून देते. तुमच्या ट्रस्टच्या साहेबांना विचारा फक्त."

साहेबांनी लगेच परवानगी दिली, फुकट होतं ना. मी व्हरांड्यात कामाला लागले. आधी लांबलचक नावं काढून दोन-दोन अक्षरांची केली. मोकळ्या जागा पुसल्या. मग बघितलं की रक्तदाब दहा-दहा मिनिटं तोच राहतो, तर बदलला तरच लिहायचा, नाही बदलला तर मागचाच धरायचा. कुणी विचारेल की सरळ झिप का नाही केलं, म्हणजे फाइल आहे तशी दाबून लहान का नाही केली. केलं की, तीन महिने उलटले की जुन्या फायली झिपमध्येच जात होत्या. पण बाजींना मागच्या दोन-तीन महिन्यांच्या फायली रोज उघड्या लागायच्या, खरी दाटी त्यांचीच होती.

आणि शेवटी मी आणखी एक नियम केला. नोंदीत असे कितीतरी रकाने होते ज्यांचं उत्तर सगळ्या पेशंटांचं एकच. ताप? नाही. ॲलर्जी? नाही. पडला-झडला? नाही. बाजींची सवय अशी की मागची फाइल उघडायची, सगळे रकाने जसेच्या तसे नव्या फायलीत उतरवायचे, आणि आज जे बदललं तेवढंच हातानं दुरुस्त करायचं. त्यामुळं पहिल्या दिवशीचं 'नाही' प्रत्येक फायलीत पुन्हा पुन्हा लिहिलं जात होतं. मी ठरवलं की जिथं 'नाही' आहे तिथं काही लिहायचंच नाही. रकाना दिसला नाही म्हणजे नाही समजायचं. ताप, ॲलर्जी ह्या गोष्टी मी बाजींना विचारून तशाच ठेवल्या, तेवढी अक्कल होती. बाकीच्यांवर कात्री.

त्या बाकीच्यांत एक रकाना होता, 'किडनी देणारं कुणी'. त्याच्या आत तीन ओळी. हो की नाही. कुणाकुणाला विचारलं. आणि शेरा. मी शंभर फायली नमुन्याला घेतल्या, नावं झाकून. शंभरात सगळीकडं 'नाही', आणि शेरा सगळीकडं रिकामा. मधली ओळ मी नीट बघितलीही नाही. मग काय, तीन ओळींचा अख्खा रकाना उडवला. दादांची फाइल नमुन्यात घेतली नव्हती. घरच्या माणसाची नोंद उघडणं बरं दिसत नाही असं मी स्वतःला सांगितलं होतं.

काम झालं तेव्हा जिथं एक फाइल मावत होती तिथं पंधरा-वीस मावायला लागल्या. दोन महिने जुन्या नि नव्या दोन्ही ठेवल्या, कुठं काही अडलं नाही, मग बाजींनी माझ्यासमोर जुन्या फायली आणि त्यांचे पेन ड्राइव्ह साफ पुसले. खूश होऊन दुसऱ्या दिवशी नान-खलियाचा, म्हणजे रोटी नि मटणाच्या रश्श्याचा, डबा आणला. दादांना त्यातलं काहीच चालत नाही, म्हणून मी व्हरांड्यातून आत दिसणाऱ्या काचेकडं पाठ करून खाल्लं. फार दिवसांनी मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता.

आता जे लिहायचंय ते जिवावर येतं. दादांचा आणि माझा रक्तगट एक आहे. भावाला तिशीतच शुगर लागली, म्हणजे किडनी द्यायला तो बाद. जवळच्या नात्यात दुसरं कुणी नाही. एवढा हिशेब मी पहिल्याच महिन्यात, ह्याच खुर्चीत, मोबाइलवर वाचून वाचून करून टाकला होता. आणि मग वाट बघत बसले, की कुणीतरी मला विचारणार. डॉक्टर बाहेर आले की मी मोबाइलमध्ये डोकं खुपसायचे. कुणीच विचारलं नाही. दादांनी नाही, डॉक्टरांनी नाही, भावानं नाही. महिना गेला, वर्ष गेलं, आणि मला बरं वाटायला लागलं. मी पथ्याचं करते, रिक्षा बोलावते, नोकरी सोडून बसले आहे, ह्याहून जास्त कुणी मागत नाही तर मी आपणहून कशाला तोंड उघडू. मी भित्री आहे. मला ऑपरेशनची भीती वाटते. त्याहून मोठी भीती ही, की एकदा दिली की मी इथली झाले, मग पुणं नाही आणि काहीच नाही. आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे मी नाही तरी कुठंच जात नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात सेंटरला नवे किडनीचे डॉक्टर यायला लागले, महिन्यातून दोनदा. तरुण, घाईतले, पण माणूस नीट. त्यांनी पहिल्याच भेटीत मला आत बोलावलं.

"तुम्हीच ना ते फायलींचं करता? मला एक यादी द्या. ज्यांना प्रत्यारोपणाबद्दल, म्हणजे घरात कुणी किडनी देणारं आहे का ह्याबद्दल, अजून विचारलेलंच नाही असे पेशंट. त्यांच्याशी मी बोलणार आहे."

मी म्हणाले पाच मिनिटांत देते. खरंच पाच मिनिटं लागली. यादीत सेंटरचे सगळेच्या सगळे पेशंट आले.

बाजींनी चष्मा लावून यादी बघितली. "असं कसं? ह्यातल्या निम्म्यांना तर मीच विचारलंय. डॉक्टर विचारत होते, मी लिहीत होते."

मला कळलं ते तिथंच. विचारलं आणि नाही म्हणाले, त्यांचाही रकाना नाही. विचारलंच नाही, फॉर्मवर आपोआप 'नाही' होतं ते तसंच राहिलं, त्यांचाही रकाना नाही. दोन्ही एकसारखे रिकामे. 'कुणाकुणाला विचारलं' ही ओळ हा फरक सांगायलाच होती, आणि ती मी कचरा म्हणून काढली होती. जुन्या फायली पुसलेल्या. ट्रस्टच्या मुख्य ऑफिसात पाठवलेल्या, त्याही माझ्याच बारीक केलेल्या.

डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही, सगळ्यांनाच नव्यानं विचारू." आणि दुसऱ्या पेशंटकडं गेले. बाजी मात्र गेल्या नाहीत.

"हरकत कशी नाही," त्या माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या. "चार नंबरच्या बेडवरच्या मावशींची सून नाही म्हणाली होती. मावशी दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. आता मी परत जाऊन विचारू? एकदा नाही ऐकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ऐकवायचं?"

मी म्हणाले चुकलं माझं. बाजींनी यादीवरून बोट खाली नेलं आणि दादांच्या नावावर थांबल्या.

"तुझ्या वालिदांना तर परत विचारायची गरजच नाही. त्यांनी शेरा लिहून घेतला होता."

"कसला शेरा?"

"पहिल्याच दिवशी. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. डॉक्टरांनी विचारलं घरात कुणी देणारं आहे का, तर म्हणाले नाही. डॉक्टर म्हणाले मुलगी आहे ना, तिला विचारतो. तर उठूनच बसले. मला म्हणाले लिहा, मुलीला विचारायचं नाही, तिला पुण्याला परत जायचंय. मी तसंच लिहिलं. नंतर जो कोणी डॉक्टर आला त्यानं ते वाचलं नि गप्प बसला." मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुला माहीत नव्हतं?"

मी बाहेर येऊन बसले. जुन्या लॅपटॉपमध्ये नमुन्याच्या शंभर फायली अजून होत्या. दोनदा तपासल्या, माहीत असूनही, की त्यात दादांची नाही. घरच्या माणसाची नोंद उघडणं बरं दिसत नाही, ह्यातलं खरं काय ते तेव्हा मला कबूल करावं लागलं. त्या फायलीत माझं नाव कुठंतरी असेल ह्याची मला भीती होती. आणि होतंच. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी लिहून घेतलेलं एक वाक्य वर्षाहून जास्त काळ प्रत्येक फायलीत पुन्हा पुन्हा उतरत होतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं, जागा वाचवायला, न वाचता पुसलं.

परतताना दादा नेहमीसारखे पिळून निघालेले होते, सुयांच्या जागी पट्टी दाबून धरलेली. रिक्षा छावणी ओलांडून पडेगावच्या रस्त्याला लागली तसं मी विचारलं.

"दादा, पहिल्या दिवशी डॉक्टरांनी किडनीचं विचारलं होतं तुम्हाला?"

"व्हय."

"मग?"

"नाय म्हणलो."

"मला का नाही सांगितलं?"

"तू औषधं आणाया गेली व्हतीस."

"चार वर्षं औषधंच आणत होते का मी?"

दादांनी हातावरची पट्टी आणखी दाबली. मला वाटलं आता बोलणार नाहीत. आमच्या घरात एखादी गोष्ट बोलली नाही की ती ठरली असं धरायची पद्धत आहे. मी इथं राहणार हेही असंच, कुणीही न बोलता ठरलेलं होतं.

"तू महिन्यासाठी आली व्हतीस," ते शेवटी म्हणाले. "म्हणलं महिना झाला की जाईल. ह्या भानगडीत गुतली असतीस तर मग कुठं जाती तू. लिवून ठेवलं म्हंजे कुणी परत इचारत नाय."

"पण मी गेले का?"

"नाय ना गेलीस. मला वाटायचं आज जाईल, उद्या जाईल. लई वाट बघितली तुझ्या जाण्याची."

मला इतका राग आला की रिक्षातून उतरावंसं वाटलं. चार वर्षं मी समजत होते की दादांनी मला धरून ठेवलंय, आणि दादा समजत होते की त्यांनी मला सोडलंय. आणि दोघं एका खोलीत बसून बातम्या बघत होतो. मी म्हणाले, "माझ्या वतीनं नाही म्हणायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" दादा म्हणाले, "बाप हाये मी."  संध्याकाळी मी त्यांना औषधं दिली, पाण्याचा तिसरा पेला दिला, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडण्यात निम्मा वाटा सुटकेचा होता हे मला कळत होतं, कारण दादांनी नाही म्हटलेलं होतं आणि ते धरून बसायला मी मोकळी होते.

पण डॉक्टरांनी सगळ्यांना नव्यानं विचारायचं ठरवलं होतं, आणि ते कुणामुळं ते मला माहीत होतं. पुढच्या खेपेला ते एकेका बेडशी बसले. चार नंबरच्या मावशींपाशी बाजी आधीच जाऊन उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, इथं मी सांगते, इथं विचारू नका. दादांनी डॉक्टर टेकायच्या आतच "नाय" म्हणून टाकलं. मग डॉक्टर बाहेर माझ्या खुर्चीपाशी आले.

"रुग्णाला वेगळं आणि नातेवाइकांना वेगळं विचारायची माझी पद्धत आहे. तुमची तयारी आहे का? हो किंवा नाही, काहीही चालेल. नाही म्हणालात तर कारण मी विचारणार नाही आणि आत सांगणारही नाही."

चार वर्षं ज्या प्रश्नाला घाबरले तो असा चहाच्या वेळी, प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन पडला. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "माहीत नाही."

मी आत जाऊन तेच सांगितलं, तर बाजी पडद्यावरच्या फॉर्मवर बोट ठेवून म्हणाल्या, "हो नि नाही, दोनच आहेत इथं. माहीत नाही कुठं लिहू?"

मी लॅपटॉप उघडला. तो रकाना परत आणला, तिन्ही ओळींसकट, पूर्ण नावांनी, आखूड न करता. हो आणि नाहीच्या जोडीला तिसरं उत्तर घातलं, 'बाकी'. हा रकाना कुठल्याही फायलीतून कधीही गाळायचा नाही असं लिहिलं. ज्यानं नाही म्हटलं त्याला पुन्हा विचारायचं नाही. आणि ज्याचं 'बाकी' आहे त्याच्यापुढं दर डायलिसिसच्या सुरुवातीला प्रश्न येणार, उत्तर भरल्याशिवाय पुढची खिडकी उघडणार नाही. बाकी म्हणणारी त्या सेंटरात मी एकटीच होते. फाइल पुन्हा जाड झाली, होऊ दे म्हटलं.

स्वतःच लावलेला तो फास मग आठवड्यातून तीनदा आवळायला लागला. दादांना बेडवर बसवलं की मी पायाशी उभी, बाजी सुया लावणार, पडद्याकडं वळणार, आणि विचारणार, "बेटा, आज क्या लिखूँ?" मी म्हणायचे, बाकी. दादा डोळे मिटून पडलेले असायचे. झोपलेले नसायचे, त्यांच्या पापण्या हलतात ते मला दिसायचं. असे किती आठवडे गेले. भावाचा फोन आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं, तो म्हणाला घाई करू नकोस, मग बघू. मी फोन कट केला.

परवाच्या बुधवारी बाजींनी विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत दादांनीच डोळे उघडले.

"बाकीच लिवा, बाजी. रोज रोज तिला काय इचारता. नायच लिवून टाका खरं तर."

त्यांनी ते माझ्यावरच्या मायेनं म्हटलं, मला कळलं. पण माझ्या आत काहीतरी तापलं. मी पायाकडून त्यांच्या उशाशी गेले.

"दादा, प्रश्न मला आहे. तुम्हाला नाही."

"माझ्या अंगाचा हाये ना?"

"माझ्याही."

बाजी माउसवर हात ठेवून थांबल्या. शेजारच्या बेडवरचे काका वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले. मला धैर्य वगैरे काही वाटत नव्हतं, फक्त हे पुरे झालं असं वाटत होतं.

"हो लिहा," मी म्हणाले. "तपासण्या करायला हो. पुढचं त्या आल्यावर."

बाजींनी 'हो' दाबलं आणि यंत्र सुरू केलं. दादांनी सुया असलेला हात हलवायचा प्रयत्न केला तसं यंत्र किंचाळलं. बाजींनी त्यांचा हात दाबून धरला आणि यंत्र शांत केलं. दादा छताकडं बघत म्हणाले, "शेऱ्यात माझं लिवा. मी नको म्हणलोय. तिला पुण्याला जायचंय."

बाजींनी माझ्याकडं बघितलं.

"लिहा," मी म्हणाले. "ते जसं म्हणतात तसंच लिहा. दोन्ही राहू द्या."

त्यांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, ते वाक्य पुन्हा लिहिलं. मी मागं उभी राहून ते शेवटपर्यंत वाचलं. दादांनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. सुया लागलेल्या होत्या, चार तास त्यांना उठता येणार नव्हतं. मी बाहेर येऊन तिसऱ्या खुर्चीत बसले.